पीस लिलीने मान टाकली तेव्हा

गेल्या वर्षी जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून मी पीस लिलीचे एक रोप आणले. बाणेरच्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात थेट ऊन फारसे येत नाही आणि हे रोप मुळात दक्षिण अमेरिकेतील उष्ण, दमट जंगलांत मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारे, त्यामुळे दोघांचे जमेल असे मला वाटले. मार्चअखेरपर्यंत ते जमलेही.

एप्रिलमध्ये हवा कोरडी झाली आणि दुपारी पाने कुंडीच्या काठावरून खाली लोळू लागली. पाणी घातले की दोन-तीन तासांत रोप पुन्हा ताठ उभे राही. यावरून मी एक नियमच करून टाकला, की मान टाकली की पाणी घालायचे. तो नियम अर्धाच खरा होता, हे कळायला मला जुलै उजाडावा लागला.

त्याआधी मे महिन्यात पानांची टोके तपकिरी होऊन कुरकुरीत वाळू लागली. मी सगळा दोष उकाड्याला दिला. मात्र एके दिवशी कुंडीची कड पुसताना तिच्यावर मिठासारखा पांढरा थर हाताला लागला आणि माझ्याच काटकसरीची आठवण झाली. पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते बादलीत साठवून झाडांना घालत होते. हे यंत्र पाण्यातून जे क्षार काढते, ते सगळे याच टाकाऊ पाण्यात उतरतात. त्यातून उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरने येणारे पाणी मुळातच जड असते. म्हणजे मी रोपाला दिवसाआड क्षारांचा खुराकच देत होते. ते पाणी त्या दिवसापासून फरशी पुसायला गेले. वळवाच्या पावसात कुंडी तासभर गॅलरीत ठेवून तिच्या बुडाच्या भोकांतून पाणी वाहू दिले. करपलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत, ती कात्रीने छाटावी लागली. पण नंतर आलेली पाने स्वच्छ होती.

आनंदाच्या भरात मी एक चिनी मातीची शोभेची कुंडी आणली आणि रोप त्याच्या प्लॅस्टिकच्या कुंडीसह तिच्यात बसवले. शोभेच्या कुंडीला खाली भोक नव्हते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रोपाने पुन्हा मान टाकली. मी नियमाप्रमाणे पाणी घातले, ते उठले नाही. दुसऱ्या दिवशी आणखी घातले. खालची तीन पाने पिवळी पडली आणि कुंडीभोवती बारीक काळी चिलटे उडू लागली. त्याच सुमारास पुरंदर तालुक्यात शेती करणारे माझे मामा मुक्कामाला आले होते. त्यांनी पानांकडे पाहिलेही नाही, दोन्ही हातांनी कुंडी उचलली आणि म्हणाले, "अगं, केवढी जड झालीय ही! हिच्यात वाफसाच नाही."

वाफसा म्हणजे जमिनीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी अवस्था. शेतकरी तिच्यासाठी थांबतो. मी कुंडीच्या बाबतीत हा शब्द कधी वापरलाच नव्हता. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी वर चढवू शकत नाहीत. पाण्यात उभे असलेले रोप म्हणूनच तहानलेल्या रोपासारखे दिसते. पाने दोन्ही वेळी एकच खूण दाखवतात. फरक कळतो तो मातीत.

रोप उपसले तेव्हा शोभेच्या कुंडीच्या तळाशी दोन बोटे पाणी साचलेले होते आणि गटारासारखा वास येत होता. चांगली मुळे पांढरट आणि टणक होती. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येई आणि मागे नुसता दोरा उरे. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने मी अशी सगळी मुळे कापली. जवळजवळ निम्मी गेली. हातमोजे घातले होते, कारण नावात लिली असली तरी हे झाड अळूच्या कुळातले आहे आणि अळूने घसा खवखवतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, ते याच्यातही असतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवलेली बरी.

उरलेल्या मुळांना बेताची अशी लहान कुंडी घेतली. जुनी लाल माती चिकट होऊन दगडासारखी बसली होती, ती टाकून दिली. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) असे मिश्रण केले. कोकोपीटमध्येही क्षार असू शकतात, म्हणून ते आधी दोनदा धुऊन पिळून घेतले. मातीचा वरचा थर सुकू लागल्यावर चिलटे तीन-चार आठवड्यांत आपोआप संपली, कारण त्यांच्या अळ्यांना ओली माती लागते.

आता मी खराट्याची काडी कुंडीत बोटभर खोल खुपसते आणि ढोकळा शिजला का हे सुरीने पाहावे तशी बाहेर काढून पाहते. ओली माती चिकटून आली तर पाणी नाही, पाने कशीही दिसोत. पावसाळ्यात कधी दहा दिवस पाणी लागले नाही, एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी लागते.

फुले मात्र बरेच महिने आली नाहीत. मामांना सांगितले तेव्हा ते हसले. विक्रीसाठीच्या रोपांना बहर यावा म्हणून उत्पादक अनेकदा जिबरेलिक ॲसिड हे वनस्पतींचे संप्रेरक फवारतात. द्राक्षबागायतदार ज्याला 'जीए' म्हणतात तेच हे. घरी तेवढा बहर येत नाही. कुंडी पूर्वेच्या खिडकीच्या जवळ, पडद्याआड सरकवल्यावर या फेब्रुवारीत एक फूल आले. महिन्याभराने ते हिरवे पडू लागले. हा रोग नाही, या फुलाभोवतीचे पाकळीसारखे दिसणारे पांढरे आवरण जुने झाले की हिरवेच होते. वाळायला लागल्यावर मी त्याचा देठ बुडापासून कापला.