दोनच झाले

सोमवार, रात्री

आज आवाज बसला. खरं तर आठवडाभर बसतच होता, मी प्रत्येक तासाआधी खाकरून त्याला उठवत होते. पाचव्या तासाला सहावीच्या वर्गात शिरले, 'वह्या काढा' म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, परत सांगा ना." परत सांगितलं. परत हवा.

संध्याकाळी डॉक्टरांनी घसा तपासला. स्वरतंतूंना सूज. चार दिवस बोलणं जवळजवळ बंद. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण पडतो म्हणे. मी कागदावर लिहून विचारलं, "शाळेत जाऊ?" म्हणाले, "जा. फक्त शिक्षक म्हणून जाऊ नका." विनोद असावा.

बोलताना बायकांच्या स्वरतंतूंची सेकंदाला साधारण 200 कंपनं होतात. गणित शिकवणाऱ्या बाईला एवढं कळलं की पुढचं राहवत नाही. दिवसभरात प्रत्यक्ष आवाज निघण्याचा वेळ फक्त अर्धा तास धरला, तरी 3,60,000. तेवढ्या वेळा ते दोन इवलेसे पडदे एकमेकांवर आपटतात, आणि माझा अर्धा तास नक्कीच नसतो. दुखायला लागून पंधरा दिवस झाले होते. डॉक्टरांकडे जायला वेळ नव्हता, कारण चाचणीचे पेपर तपासायचे होते. पेपर वेळेत दिले, हे मात्र खरं.

रजा घेता आली असती. नाही घेतली. माझे तास दुसऱ्या कुणाच्या तरी ऑफ तासावर पडणार, हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण फक्त या वहीपुरतं: माझ्यावाचून वर्ग नीट चालला तर?

मंगळवार

फळ्यावर लिहिलं, 'आज बाई लिहिणार, तुम्ही बोलणार.' दहा मिनिटं बाजार भरला. मी खडू घेऊन उभी. ओरडता येत नव्हतं, डस्टर आपटायची सवय मीच गेल्या वर्षी कष्टाने सोडली होती. मग कसं कोण जाणे, गोंगाट आपोआप खाली आला. कुणीच गप्प बसवलं नव्हतं.

घरी आल्यावर आठवलं. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 साली हे नोंदवलं होतं, की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला स्वतःला पत्ताही नसतो. म्हणजे मुलं चढवतात म्हणून मी चढवते, मी चढवते म्हणून मुलं. इतकी वर्षं मी गोंगाटाच्या बाहेर उभी राहून तो बंद करतेय असं समजत होते.

बुधवार

काही नाही. लवकर झोपले. दहाची ऑनलाइन कोर्सची तासिका चुकवली.

गुरुवार

दशांश अपूर्णांक. फळ्यावर लिहिलं: 0.5 मोठा की 0.45?

उत्तर तोफेसारखं आलं, "0.45!" कारण 45 मोठे, 5 लहान. दर वर्षी हेच येतं. आणि दर वर्षी मी लगेच म्हणते, "नाही, नीट बघा, दशांश स्थळी किती आहेत?" की संपलं. मुलं 'हो हो' म्हणतात आणि पेपरात पुन्हा तेच लिहितात.

आज 'नाही' म्हणायला आवाजच नव्हता. खडू ठेवला आणि हात मागे बांधून उभी राहिले. शांतता इतकी अवघड झाली की माझ्याच पायाला मुंग्या आल्या. मुलांना वाटलं बाई रागावल्या. मग एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. कुजबूज. "अरे पण पाच म्हणजे अर्धा ना?" "अर्धा कशाचा?" मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. वर्षभरात त्याने आपणहून तोंड उघडलेलं मला आठवत नाही. तो उठून सरळ फळ्यापाशी आला, खडू घेतला आणि 0.5 च्या पुढे एक शून्य लावला. 0.50. बाकी काही बोलला नाही. जाताना खडूचा हात पँटला पुसला.

वर्गातून "ओऽऽ" निघालं. मी तो शून्य पुसू दिला नाही. पुढच्या तासाच्या बाईंनाही फळ्याचा तेवढा कोपरा सोडून लिहावं लागलं.

शुक्रवार

कपाटातून बी.एड.ची वही काढली. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंचं काम त्यात माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा मारून. 1970 च्या दशकात त्यांनी वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबायचे. तिथे तीन सेकंद थांबलं, तर उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागतात. आणि मुलाच्या उत्तरानंतरही थांबायचं, हे तर मी पार विसरले होते. परीक्षेत यावर टीप लिहून गुण मिळवले होते. वर्गात आणायला आवाज जावा लागला.

ऑनलाइन कोर्स आज सोडला. शिक्षकाने सतत शिकत राहावं, हे मान्यच आहे. पण रात्री दहाला जांभया देत, कॅमेरा बंद ठेवून, प्रमाणपत्रासाठी जे चाललं होतं त्याला शिकणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मध्यंतरी आम्हाला 'स्वतःची काळजी घ्या' या विषयावर प्रशिक्षण झालं, तेही सुट्टीच्या दिवशी. नंतर त्याचा अहवाल भरायचा होता. पण त्यातली एक गोष्ट कामाची निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली 'बर्नआउट'ला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न सुटलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. तिची तीन लक्षणं: पार गळून जाणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तेव्हा मी पहिल्यावर मनातल्या मनात खूण केली होती. दुसऱ्यावर अर्धी.

त्यावर श्वासाचे व्यायाम सांगितले होते. श्वास चांगलाच, पण वह्यांचे गठ्ठे आणि बदली तास श्वासाने कमी होत नाहीत. मुख्याध्यापिकांना चिठ्ठी लिहिली: आठवड्यात दोनच वर्गांच्या वह्या तपासणार, बाकीच्यांच्या आळीपाळीने. 'बघू' म्हणाल्या. मी 'हो' असं समजले. मला उलट बोलता येत नव्हतं, हे एका परीने बरंच झालं.

सोमवार

आवाज परत आला. किंचित घोगरा आहे.

मुलांनी टाळ्या वाजवल्या, मला उगाच भरून आलं. मग धडा सुरू. 0.3 आणि 0.08 फळ्यावर लिहिले, मोठा कोणता विचारलं, हात मागे घेतला आणि बोटांवर मोजायला लागले. एक. दोन. आणि सवयीने तोंडातून निघालंच, "बघा हं, आधी दोन्हीकडे दशांश स्थळं सारखी..."

माझी पाठ अर्धवट वर्गाकडे होती. पहिल्या बाकावरून आवाज आला,

"बाई, दोनच झाले."