शेत पाहून घेणारी बाई

बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाचा ३१वा अध्याय आमच्या चर्चच्या मंडळीत दोन प्रसंगी हमखास वाचला जातो : मातृदिनाच्या उपासनेत आणि एखाद्या वयोवृद्ध भगिनीच्या दफनविधीत. पहिल्या प्रसंगी निम्म्या बायका मागे प्रीतिभोजनाची भांडी लावत असतात आणि दुसऱ्या प्रसंगी जिच्यासाठी वाचायचे तिला ऐकू येत नसते. गेल्या महिन्यात भगिनी मंडळाने 'आजच्या काळात ख्रिस्ती मुलींनी कसे वागावे' या विषयावर तरुण मुलींशी बोलण्याचे काम माझ्यावर सोपवले, तेव्हा मी तोच अध्याय वही-पेन्सिल घेऊन सावकाश वाचला.

हे बोल लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेले आहेत. दहाव्या वचनापासूनची २२ वचने हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. मराठीत जिला 'सद्गुणी' म्हटले आहे, तिच्यासाठी मूळ शब्द 'हयिल' हा आहे आणि तोच शब्द शूर योद्ध्यांसाठीही येतो. देवदूत इस्राएलचा सेनानी गिदोन याला हाक मारतो तीही याच शब्दाने. 'सद्गुणी' म्हटले की आपल्यासमोर मान खाली घातलेली सून उभी राहते, पण या अध्यायातली बाई कंबर कसून उभी आहे. ती तागाची वस्त्रे करून विकते, आणि सोळाव्या वचनात ती शेत पाहून, विचार करून मगच विकत घेते व स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. करवीर तालुक्यात वाढलेल्या कोणालाही हे पाहणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही : विहिरीचे पाणी, बांध, वहिवाटीची वाट आणि सातबारा पाहिल्याशिवाय आपल्याकडे कोणी इसार देत नाही. मुलींना शहाणपण शिकवायचे तर हे पाहणे शिकवावे, असे माझे मत झाले.

पोशाखाविषयी बोलावे, अशी एका ज्येष्ठ भगिनींची खास सूचना होती, म्हणून बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्यायही काढला. तेथे मर्यादेचा उल्लेख आहेच, परंतु नावे घेतली आहेत ती केस गुंफणे, सोने, मोती आणि मोलवान वस्त्रे यांची, म्हणजे श्रीमंतीच्या प्रदर्शनाची. आपण मात्र जीन्स घालून आलेल्या मुलीला दारातच टोकतो आणि लग्नासाठी कर्ज काढून गुजरीतल्या सराफांकडून घडवून आणलेल्या साजाचे तोंडभरून कौतुक करतो. या विषयावर मी इतकेच बोलले; त्या भगिनी त्यानंतर फारशा बोलल्या नाहीत.

खरा विषय निघाला तो मोबाईलवरून. एका मुलीला शिवणयंत्रासाठी पाच हजार रुपये हवे होते आणि तिने झटपट कर्ज देणारे एक अॅप उतरवून घेतले होते. पडद्यावर एका चौकोनात 'संपर्क, फोटो आणि संदेश पाहण्याची परवानगी द्या' असे लिहिले होते, त्याखाली हिरवे बटण होते आणि तिचा अंगठा त्या बटणाच्या अगदी वर थांबलेला होता. तिला मी तो चौकोन मोठ्याने वाचायला लावला. कर्जाला तुझ्या आत्याचा नंबर आणि घरचे फोटो कशाला लागतात, असे शेजारच्या मुलीनेच विचारले. असा हप्ता थकला की तेच फोटो आणि तेच नंबर धमकीसाठी वापरले जातात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच कर्जाच्या अॅपना फोनमधील संपर्क व फोटो पाहण्यास मनाई केली आहे, आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते, हे मी सांगितले. भोळा मनुष्य प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो आणि शहाणा पाऊल टाकण्याआधी पाहतो, अशा अर्थाचे वचन नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात आहे. ते रीलमधल्या गोरे करणाऱ्या मलमालाही लागू आहे, पण त्यावर वेळ घालवावासा वाटला नाही.

मी मुलींना हे शिकवत होते खरे, पण स्वतः मात्र न पाहता सही केलेली आहे. वडील गेल्यानंतर दोन महिन्यांनी भावाने कागद पुढे केला आणि पेनाने जागा दाखवली. मी डोळे पुसत सही केली. ते हक्कसोडपत्र होते, म्हणजे वडिलांच्या मिळकतीतला माझा वाटा मी सोडत असल्याचा कागद. भाऊ वाईट नाही आणि कदाचित वाचूनही मी सही केलीच असती, परंतु तेव्हा तो वाटा मी दिला असता, आणि आता तो माझ्याकडून गेला आहे, यातला फरक मला फार उशिरा कळला. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पित्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा पत्नीला जातो आणि उरलेला मुलगे व मुली यांच्यात सारखा वाटला जातो. आपल्या किती मुलींना हे ठाऊक आहे? बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात, आणि परमेश्वर म्हणतो की त्यांचे म्हणणे रास्त आहे. संडे स्कूलमध्ये मला हा पाठ कोणी शिकवल्याचे आठवत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी ज्या इंग्रज धर्मभगिनींच्या आश्रमात त्या तेव्हा राहत होत्या त्यांच्याशीही त्या पत्रांतून सिद्धान्तांवर वाद घालत राहिल्या. पुढे केडगावला त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केले. दुसऱ्याने वाचून सांगितलेल्यावर त्यांचे समाधान होत नसे.

पुढच्या शनिवारी मुली पुन्हा जमणार आहेत. स्टॅम्पव्हेंडरकडून हक्कसोडपत्राचा कोरा मसुदा मी मागून ठेवला आहे, त्याच्या वीस झेरॉक्स काढल्या आहेत. गीते आणि प्रार्थना झाल्यावर तोच पहिल्या ओळीपासून वाचायला घेऊ. त्या ज्येष्ठ भगिनींनीही एक प्रत आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितली आहे.