टेपला चिकटून आलेला रंग

गाडी आमच्या रंगकामाच्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली तेव्हा लांबून रंग झकास दिसत होता. घरी, स्वतःच्या हाताने मारलेला रंग इतका सपाट सहसा बसत नाही. जवळ जाऊन बॉनेटवर तिरका उजेड पाडला, तेव्हा घामोळं उठावं तसे बारीक फोड दिसले.

"तीनच महिने झाले हो," मालक म्हणाले. "रंगच भेसळीचा निघाला बहुतेक."

आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी रंगाच्या नावाने खडे फोडतो. दिसतो तोच, त्याला बिचारा काय करणार! मी मास्किंग टेपचा तुकडा फोडांवर दाबून बसवला आणि झटक्यात ओढला. क्लिअर म्हणजे वरचा पारदर्शक थर, रंग, करडा प्रायमर, सगळं टेपबरोबर निघून आलं. खाली उघडा पत्रा आणि त्यावर नारिंगी ठिपके.

मग हळूहळू सगळं कळलं. त्यांनी पत्रा उघडा होईपर्यंत घासला, पाणी पेपर फिरवला, सरफेसरचे, म्हणजे त्या करड्या प्रायमरचे, तीन कोट मारले. इथवर मेहनत चोख. पुढे रंग मारायला सुट्टी मिळेना, म्हणून गाडी पंधरा दिवस तशीच करड्या अंगाने बाहेर उभी राहिली.

"पण डब्यावर प्रायमर असंच लिहिलंय की!"

लिहिलेलं असतं, हीच तर पंचाईत. सरफेसरचं काम ओरखडे भरून काढणं. त्यात टाल्कसारखी भुकटी भरपूर, म्हणून तो जाड बसतो आणि छान घासला जातो; पण त्याच भुकटीमुळे पाणीही पितो. दव पडलं की ओल थेट पत्र्यापर्यंत. पत्र्याला धरून ठेवणं आणि ओल अडवणं हे इपॉक्सी प्रायमरचं काम. तो त्यांच्याकडे नव्हताच. एकाच प्रकारच्या डब्यावर त्यांनी सगळी गाडी उरकायची ठरवली होती.

बंपरचे तर नखाने पापुद्रे निघत होते. आतल्या बाजूला 'पीपी' असा ठसा होता, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्यावर आधी प्लास्टिकसाठीचा पातळ, पारदर्शक प्रायमर लागतो. तो नसेल तर वर काहीही मारा, टिकत नाही. बंपर उतरवला आणि बाजूला ठेवला.

बॉनेटचा पत्रा पूर्ण उघडा केला. बारीक खड्ड्यांत गंज उरतो, तो निघेपर्यंत घासलं. दोन ठिकाणी पोचे होते. मालकांनी विचारलं, "ॲसिडवालं प्रायमर मारलं तर? पत्र्यात घुसतं म्हणे." घुसतं, पण मला वर लांबी (पुट्टी) भरायची होती, आणि ॲसिडच्या थरावर लांबी नीट पकडत नाही. त्यावर इपॉक्सीही चढवत नाहीत. म्हणून कोरड्या, पुसलेल्या पत्र्यावर इपॉक्सी, मग लांबी, मग सरफेसर. त्यांचे उरलेले दोन डबे इथे कामी आले.

रंग मारताना तोंडाला काय बांधलं होतं, असं विचारलं तर म्हणाले, रुमाल. एवढ्यावर मात्र माझा आवाज चढला. रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळतात त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट रुमालाने अडत नाही, आणि एकदा छातीत बसलं की जन्माचा दमा होऊ शकतो. आम्ही बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतो तो हौस म्हणून नाही.

आता माझी फजिती. डावा मडगार्ड त्यांनी रंगवला नव्हता. ते कामही माझ्याकडेच आलं. "रंग कंपनीचाच ना?" मी विचारलं. "हो, गाडी घेतली तेव्हापासून असाच आहे. सेकंडहँड घेतली ना." हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. ३२० नंबरच्या पेपरने घासलं, सरफेसर मारला, गन धुवायला वळलो. परत येऊन बघतो तर दिव्याखालचा हातभर भाग पाण्यात भिजलेल्या बोटांसारखा सुरकुतलेला. आधीच्या कुणीतरी हार्डनर न लागणारा स्वस्तातला रंग मारून ठेवला होता. आमच्या सरफेसरच्या थिनरने तो खालून फुगवला.

थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरला असता तर तेव्हाच समजलं असतं. हार्डनरवाला रंग ढिम्म राहतो. तो नसलेला विरघळतो किंवा उचलतो. इतक्या वर्षांच्या कामानंतर मी ही चाचणी गाळली, आणि तीही मालकांना प्रायमरवर भाषण देत असताना. सगळं खरवडून मडगार्ड पत्र्यापर्यंत उतरवला. इपॉक्सीपासून पुन्हा सुरुवात.

मालक काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच एक बोळा थिनरमध्ये बुडवला आणि मागच्या दरवाज्याला खालच्या कोपऱ्यात लावून धरला. काढला तेव्हा बोळा लालभडक झाला होता.

दरवाजे त्या दिवशी आम्ही हातात घेतले नाहीत.