मथळ्यातलं क्रियापद

23 नोव्हेंबर 2024, विधानसभेचा निकाल. त्या दिवशी आमच्या वेबडेस्कवर बाकूचं नाव काढणं म्हणजे लग्नघरात विम्याचा हप्ता काढण्यासारखं होतं. 288 जागा, त्यातल्या 230 महायुतीच्या, आणि दर दहा मिनिटांनी बदलणारी पट्टी. अझरबैजानच्या बाकूत भरलेली हवामान परिषद खरं तर शुक्रवारीच संपायची, पण ती लांबली. रात्रपाळीला मी होते, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

"काही झालं तर चार ओळी टाक," पाळीप्रमुख सर म्हणाले. "चारच, पाच नकोत."

संध्याकाळी छोटी बेटराष्ट्रं आणि अल्पविकसित देशांचे प्रतिनिधी एका बैठकीतून उठून बाहेर पडले होते. भांडण पैशांचं होतं: हवामानबदलाशी झुंजायला गरीब देशांना किती मिळणार. 2009 मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभारायचं कबूल केलं होतं. तो आकडा त्यांच्याच हिशेबाने 2022 मध्ये गाठला गेला, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा. आता विकसनशील देशांची मागणी वर्षाला 1.3 ट्रिलियन डॉलरची होती आणि शुक्रवारच्या मसुद्यात 250 अब्ज होते. (ट्रिलियन म्हणजे लाख कोटी, अब्ज म्हणजे शंभर कोटी. हे आमच्या डेस्कवर कागदावर लिहून चिकटवलंय, तरी महिन्यातून एकदा कोणीतरी घोळ घालतंच.)

आपल्याकडे पहाटेचे चार वाजून गेले होते. थेट प्रक्षेपणात परिषदेचे अध्यक्ष मुख्तार बाबायेव यांनी ठराव मंजूर म्हणून हातोडा आपटला, टाळ्या झाल्या. एजन्सीची ओळ आली, मी झोपेतच मथळा ठोकला: 'श्रीमंत देश देणार वर्षाला 300 अब्ज डॉलर'. पाठवला आणि चहा घ्यायला उठले.

तेवढ्यात हेडफोनमधून ओळखीच्या धाटणीचं इंग्रजी ऐकू आलं. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना बोलत होत्या. ठराव मंजूर होण्याआधी आम्हाला बोलायचं होतं, ती संधी दिली नाही, आणि हा दस्तऐवज म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम आहे, असं त्यांनी सुनावलं. नायजेरियाच्या प्रतिनिधीने तर या रकमेला थट्टा म्हटलं. मी चहा तसाच ठेवला आणि ठरावाचा मूळ मजकूर उघडला.

त्यात 'देणार' कुठेच नव्हतं. 2035 पर्यंत वर्षाला किमान 300 अब्ज डॉलरचं 'उद्दिष्ट', विकसित देशांनी 'पुढाकार घेऊन' गाठायचं. पैसे सार्वजनिक, खासगी, द्विपक्षीय, बहुपक्षीय अशा नाना वाटांनी यायचे. 1.3 ट्रिलियनसाठी तर नुसतं 'सर्व घटकांना आवाहन'. आपल्या गणपती मंडळाच्या अध्यक्षाने "वर्गणीत मी पुढाकार घेतो" म्हटलं, तर तो स्वतःच्या खिशातून किती काढणार, हे कोणत्याही चाळीला कळतं. मला मात्र साडेचारला कळलं, तेही मथळा चढवून झाल्यावर.

सरांना फोन लावला. ते नुकतेच घरी पोहोचले होते.

"सर, 'देणार' काढायचंय. 'उभारणार' करते."

"अगं, त्याने काय होतं?"

"देणारा कोण ते कळत नाही."

"मग मथळ्यात कर्ता काय टाकणार?"

प्रश्न रास्त होता. कर्त्याशिवाय मथळा लंगडतो, आणि ठरावात एकटा कर्ता नव्हताच. वकिलाच्या नोटिशीत असते तशी भाषा. असा मजकूर लिहायला दोन आठवडे लागले असतील, तर ते वाया गेले नाहीत, असं मला तेव्हा वाटलं. शेवटी मी लिहिलं: '300 अब्ज डॉलरचं उद्दिष्ट, भारताचा तीव्र आक्षेप'. कंटाळवाणा होता, पण खोटा नव्हता.

"उद्दिष्टाला कोण क्लिक करणार?" सर म्हणाले, आणि मग जरा थांबून, "राहू दे. आज तसंही कोणी बघत नाही."

सातच्या सुमारास दिवसपाळीचा मुलगा आला. बातमी सातव्या क्रमांकावर होती, तिच्यावर मुख्यमंत्री कोण होणार याच्या सहा बातम्या. खुर्चीत बसता बसता त्याने विचारलं, "हे बाकू कुठल्या मतदारसंघात येतं गं?" आणि माझा गार झालेला चहा बाजूला सरकवला.