तीन प्रतींचं बिल

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

वसुबारस पाच दिवसांवर आली. सभासदांच्या मालकीची सहकारी ग्राहक भांडारं ऐन भरात असायची ती याच आठवड्यात. खाली किराणा, वर कापड, त्याच्या वर भांडी नि स्टेशनरी, आणि सगळ्या मजल्यांवर पद्धत एकच: तीन प्रतींचं बिल. ती नीट लिहून ठेवावीशी वाटते. ही दुकानं लोकांना इतकी आपली का वाटायची आणि ती का बसली, दोन्हींचं उत्तर त्या बिलात आहे.

विक्रेता माल दाखवायचा, मोजायचा, बिलबुकात दोन कार्बन घालून बिल करायचा. दोन प्रती गिऱ्हाइकाच्या हातात, स्थळप्रत बुकात. माल मात्र हातात नाही, तो थेट डिलिव्हरी काउंटरवर. कॅशियर पैसे घेऊन दोन्ही प्रतींवर शिक्का मारायचा आणि एक ठेवून घ्यायचा. दुसरी दाखवली की पुडा सुतळी बांधून तयार. रात्री स्थळप्रतींची बेरीज कॅशियरच्या प्रतींशी जुळवायची. जुळली नाही तर बहुधा कार्बन उलटा लागलेला असे, किंवा बिल रद्द होऊनही स्थळप्रतीवर 'रद्द' लिहायचं राहिलेलं असे. माल आणि पैसा एकाच माणसाच्या हाती कधी येत नसे, म्हणून चोख. पण एका साबणवडीच्या विक्रीलाही तीन माणसं लागत, म्हणून महाग.

१९४८ मध्ये नायगावात अपना बाजार सुरू झाला तो गिरणगावातल्या कामगारांसाठी. रेशन आणि काळा बाजार यांच्या त्या दिवसांत चोख माप हीच मोठी गोष्ट होती. पुढे १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, महागाई भडकली आणि सरकारनेही ग्राहक सहकाराला जोर दिला. दिल्लीचा सुपर बाजार त्याच वर्षीचा, मुंबईचं सहकारी भांडार १९६८ चं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो कापडाचा काउंटर. लाकडी टेबलाच्या कडेला मीटरपट्टी ठोकलेली. तागा टेबलावर धप्पकन उलटायचा, दोन-तीन घड्या मोकळ्या सोडायच्या आणि कापड पट्टीवर नुसतं ठेवायचं, ताणायचं नाही. ताणून मोजलं तर धुतल्यावर गिऱ्हाइकाचं नुकसान, सैल मोजलं तर ताग्याच्या शेवटी दुकानाची तूट. पॉपलीनला कात्रीने टीच दिली की ते धाग्यावर सरळ फाटतं, टेरिकॉट मात्र कापावंच लागतं. ब्लाउजपीस ८० सेंटिमीटर. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वादोन ते अडीच मीटर, ५८ इंचीचं १ मीटर ६० सेंटिमीटर पुरतं. हे विक्रेत्याला तोंडपाठ असायचं. अंगयष्टी बघून "काका, पाव मीटर जास्त घ्या" असं तो सांगायचा, आणि ते खरंच लागायचं. ताग्याचा उरलेला तुकडा कटपीसच्या ढिगात जायचा. तो ढीग वाढला की समजावं, तागे मागवताना हिशेब चुकतोय.

किराण्यातली गळती याहून बारीक. १०० किलोचं पोतं फोडून किलो-किलोच्या पिशव्या भरायच्या. दर पिशवीत ५ ग्रॅम जास्त पडले तर पोत्यामागे अर्धा किलो, म्हणजे अर्धा टक्का. निव्वळ नफाच एक-दीड टक्का असेल, तर त्यातला मोठा वाटा तिथेच सांडला. पावसाळ्यात साखर पाणी धरते, रव्यात अळ्या होतात. म्हणून जुना माल पुढे, नवा मागे. दिवाळीचा उरलेला रवा मागे राहिला की नंतर फेकायचीच वेळ.

पण दुकानं बसली ती या गळतीने नाही. १०० रुपयांचा माल १० टक्के ढोबळ नफ्यावर (खर्च वजा करण्याआधीच्या) वर्षातून १२ वेळा फिरला तर नफ्याचे १२० रुपये हाती येतात. ३० टक्क्यांवर तीनच वेळा फिरला तर ९०. भांडारात वरच्या मजल्यावरची भांडी, स्वेटर, खेळणी दुसऱ्या हिशेबातली होती आणि जागा, वीज, पगार मात्र रोजचे. त्यात भांडवल आणायचं कुठून? सहकार कायद्याप्रमाणे नफ्याचा चौथा हिस्सा आधी राखीव निधीत, लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. सामान्य सभासदाच्या दृष्टीने मला हे सगळं योग्यच वाटतं. मोठा पैसा मात्र अशा ठिकाणी येत नाही. पैसा नसला की माल उधारीवर येतो, आणि उधारीवर घेणाऱ्याला रोखीची सूट मिळत नाही.

१९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारची फ्रँचायजी घेऊन चालवणाऱ्यांत राधाकिशन दमाणी होते. २००२ मध्ये त्यांचं पहिलं डी-मार्ट पवईला उघडलं. जागा शक्यतो स्वतःची, पुरवठादाराला पैसे लवकर, भराभर खपणारा माल, आणि तो गिऱ्हाइकाने स्वतःच उचलून आणायचा. बिलाला एकच माणूस. स्वस्ताई तिथून येते, आणि महिन्याचा किराणा भरणाऱ्या घराला ती हवीच असते. पाव मीटर जास्त घ्या म्हणणाऱ्याचा पगार मात्र त्या हिशेबात कुठेच बसत नाही.

एखाद्या जुन्या भांडारात कापडाचा काउंटर अजून दिसलाच, तर मीटरपट्टीच्या टोकांवरचं धातूचं टोपण बघा. सततच्या वापराने टोक झिजतं, पट्टी आखूड होते आणि दर मीटरला गिऱ्हाइकाचं कापड कमी भरतं. म्हणून वजनमापवाले दर दोन वर्षांनी ती तपासून नवा शिक्का मारतात. टोपण घट्ट आणि शिक्का ताजा असेल, तर दिवाळीचं कापड तिथूनच घ्या.