भैरवी लागली की

शुक्रवार, रात्री

उद्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात देवळाच्या प्रांगणात मैफल आहे. बाई गाणार म्हटल्यावर वाडी-वाड्यातून माणसं लोटणार. अंगरक्षकाच्या या कामात ताकदीपेक्षा कान जास्त लागतात, असं माझं ठाम मत आहे. गायिकेच्या अंगरक्षकाला भैरवी, म्हणजे मैफलीच्या शेवटी गायचा राग, ओळखता आलीच पाहिजे. भैरवी लागली की मराठी श्रोता चपला शोधायला लागतो आणि फर्माईश राहिलेला मंचाकडे सरकायला लागतो. तिची पहिली ओळ कानावर पडताच ड्रायव्हरने इंजिन चालू करायचं. गाडीचं तोंड आधीपासून फाटकाकडे हवं. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री 10 ला थांबवावा लागतो, म्हणून सुरुवातच उशिरा झाली की भैरवी घाईत उरकते आणि सगळी गर्दी एकदम उठते. अशा दिवशी साडेनऊलाच ड्रायव्हर गाडीत बसलेला बरा.

खरा धोका मंचाच्या शिडीपासून गाडीच्या दारापर्यंत असतो. दोन तास प्रखर दिव्यात बसलेल्या माणसाला विंगेतल्या अंधारात पायरी दिसत नाही. डोळे सरावायला वेळ लागतो. कानात मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा इयरफोन) असेल तर मागून मारलेली हाकही ऐकू येत नाही. म्हणून एकाने शिडीच्या खाली उभं राहायचं आणि टॉर्च पायऱ्यांवर धरायचा, चेहऱ्यावर नव्हे. पायऱ्या आणि मधल्या वायरी दुपारीच स्वतः चालून बघायच्या. वायर आडवी असेल तर साउंडवाल्याकडून टेपने चिकटवून घ्यायची.

देवळात आणखी एक भानगड, चपलांचे ढीग. नेमके ते मंचाच्या तोंडाशी साचतात आणि गर्दी मागे हटली की त्यातच पाय अडकतो. देवस्थानच्या स्वयंसेवकांना संध्याकाळीच सांगून चपलांची जागा बाजूला करून घ्यावी. हे स्वयंसेवक फार मोलाचे, कारण गावातला कोण हट्टी आणि कोण प्यायलेला, हे त्यांना पाहताक्षणी कळतं. त्यांच्याशी कोकणीत बोललं तर निम्मं काम होतं.

चालताना बाईंच्या मागे अर्धं पाऊल, खांद्याच्या रेषेत, हात लांब केला तर पोहोचेल इतकं जवळ. नजर लोकांच्या हातांवर ठेवायची, चेहरे फसवतात. शाल-श्रीफळ, हार, पुष्पगुच्छ, फर्माईशीच्या चिठ्ठ्या यातलं काहीही अंगरक्षकाने हातात घ्यायचं नाही. नारळ हातात आला की तो हात गेलाच म्हणायचा. या वस्तू घ्यायला वेगळा माणूस हवा. शाल पाठीमागून खांद्यावर पडते तेव्हा क्षणभर गळा आणि हात दोन्ही अडकतात, म्हणून सत्कार मंचावरच, समोरून आणि भैरवीच्या आधी उरकायला आयोजकांना पटवावं. पाया पडणाऱ्यांना झिडकारायचं नाही, पण वाकलेल्या माणसाने पाऊल धरून ठेवलं तर बाईंचा तोल जातो. त्यांच्या आणि वाकणाऱ्याच्या मध्ये आपला गुडघा आणावा आणि चालणं थांबू देऊ नये.

अग्रशाळेतली, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतली, खोली ग्रीनरूम होते. तिथे सीलबंद पाणी, दाराशी एक माणूस, आत येणाऱ्यांची यादी. धूप, उदबत्ती आणि धुराचं मशीन यांच्यापासून गळा जपायचा. रक्तगट आणि चालू औषधं लिहिलेलं कार्ड खिशात.

नोव्हेंबरच्या अखेरीस जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधीच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, असतात, 3 डिसेंबरला फेस्त. त्या दिवसांत फोंड्याहून पणजीला जुन्या गोव्यावरून जाणं म्हणजे अडकणं. बोरीच्या पुलावरून वेर्णा, तिथून झुआरी पूल अशी वाट लांब पडते, पण गाडी चालती राहते, आणि बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) त्याच वाटेवर लागतं. दुपारी दोन्ही वाटांनी एकदा गाडी घालून बघावी.

कायद्याचंही भान हवं. खासगी अंगरक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. बचावाचा हक्क आहे, पण धोक्याला लागेल तेवढंच बळ. फोन हिसकावणं, फोटो पुसायला लावणं यातलं काही करायचं नाही. हातघाई झालीच तर 112 ला फोन करून पोलीस बोलवायचे.

गाडीत बसवताना आधी बाईंचं डोकं आत, मग पदर, मग दार. पदर दारात सापडण्याचा प्रकार सर्रास घडतो. दाराला लॉक, काचा बंद, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत काच खाली करून कुणाच्या हातात हात द्यायचा नाही, हे बाईंना उद्या सकाळीच सांगायचं.