कोटेशनमधले पैसे आणि राउंडिंगचा खटाटोप

नागपूरच्या सीताबर्डीतून आम्ही इलेक्ट्रिकचं सामान पुरवतो. गिऱ्हाईक बहुतेक हिंगणा आणि बुटीबोरीकडचे कॉन्ट्रॅक्टर. एक्सेल सोडून कोटेशनचं सॉफ्टवेअर घेतलं, आणि थोड्याच दिवसांत एका कंपनीच्या परचेसवाल्याचा फोन आला : "भाऊ, तुमची बेरीज जुळून नाही राहिली."

फरक अडीच रुपयांचा होता. केबलचा खरेदी भाव मीटरला १७.३७, त्यावर २२ टक्के चढवले की २१.१९१४ येतात. सॉफ्टवेअर कागदावर २१.१९ छापायचं, पण १८०० मीटरने गुणताना पोटातला पूर्ण आकडा घ्यायचं. त्यामुळे आमची रक्कम ३८,१४४.५२ आणि त्याच्या कॅल्क्युलेटरवर ३८,१४२. अडीच रुपयांचं कुणालाच काही पडलेलं नसतं. पण बेरीज चुकलेल्या कोटेशनवर परचेसवाला सही करत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

म्हणजे आधी नगाचा दर गोल करायचा, मग नगांनी गुणायचं. सेटिंगमध्ये ते सापडलं. खरा प्रश्न पुढे होता : गोल करायचा तो कितीला?

माझ्या भावाचं म्हणणं, सरळ वरच्या रुपयाला न्या. करून पाहिलं. २.१५ ला पडणाऱ्या सॅडलचा (पाइप भिंतीला धरून ठेवणारी पट्टी) दर २.६२ ऐवजी ३ झाला, म्हणजे जवळजवळ ४० टक्के चढ. केबल २२ वर गेली. आमच्या धंद्यात केबलच्या दरावरच ऑर्डर मिळते किंवा जाते, तिथे मीटरमागे ऐंशी पैसे जास्त लावले की संपलंच. जवळच्या रुपयाला आणलं तर केबल २१ होते आणि १८०० मीटरवर साडेतीनशेच्या आसपास आपल्या खिशातून जातात. उलट अठरा-वीस हजारांच्या पॅनलवर रुपया गोल केला काय नि नाही केला काय!

मग टप्पे पाडले. पन्नासच्या आतला दर वरच्या दहा पैशांना, हजारापर्यंत रुपयाला, दहा हजारापर्यंत दहाला, त्यापुढे पन्नासला. केबल २१.२० झाली, सॅडल २.७०. दहा पैशांची नाणी चलनात नाहीत हे खरं, पण दर म्हणजे काही गल्ल्यात मोजायची रक्कम नव्हे.

सूट आधी की राउंडिंग आधी, यावर बराच वाद झाला. १,२४० वर ७ टक्के सूट दिली की पुन्हा १,१५३.२० असे पैसे निघतात. ते वरच्या दहाला नेले तर १,१६० होतात, आणि कागदावर लिहिलेली ७ टक्के खोटी ठरते. आता आम्ही सूट आधी वजा करतो, मग गोल करतो, आणि कोटेशनवर फक्त नेट दर छापतो.

छापील किमतीचं तर मला सुचलंच नसतं, भावाने दाखवलं. एका वस्तूची एमआरपी १,२४९ होती. आमचा दर गोल होऊन १,०६०, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,२५०.८०. एमआरपीत कर धरलेला असतो आणि तिच्याहून जास्त दराने विकणं हा कायद्याने गुन्हा. म्हणून अशा वस्तूंचं राउंडिंगच बंद ठेवलंय.

कराला मात्र हे टप्पे लावायचे नाहीत. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयाला जाते, पन्नास पैसे किंवा जास्त असले तर वर. बिलाच्या शेवटी उरलेले पैसे टॅलीत राउंड ऑफच्या खात्यात पडतात. तिथे एका बिलावर रुपयाहून मोठा आकडा दिसला की मी ते बिल उघडून बघतो.

एवढं करूनही शेवटी फोन येतोच, "राउंड फिगर करून द्या ना भाऊ." तेव्हा दराला हात लावायचा नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच दराने मागतात. "खास सूट" अशी वेगळी ओळ टाकतो, कराच्या आधी.